उपास चुकलेली सहा हजार केळी

इनासकाका,

स्टेलाने दोन पानं मागितली आहेत. रविवारी, तुम्हाला जाऊन महिना झाला म्हणून ठेवलेल्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर, सगळे चर्चच्या सभागृहात बसतील आणि ज्यांनी ज्यांनी तुमच्याबद्दल लिहिलंय ते वाचून दाखवलं जाईल. "ताई, तुम्ही पप्पांच्या दुबईचं लिहा," ती फोनवर म्हणाली. "आम्हाला त्यांच्या दुबईबद्दल काहीच ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे, की त्यांच्या हातून औषध जास्त पडलं आणि सहा हजार केळी मेली."

गॅसवरचं दूध उतू गेलं.

म्हणजे तुम्ही घरीसुद्धा सांगितलं नाहीत? बायकोला नाही, पोटच्या पोरीला नाही? इतकी वर्षं? काका, मला तुमचा असा संताप आला, की समोर असतात तर कडाकडा भांडले असते. पण तुम्ही तर जाऊन बसलात, आणि मला अशा जागी अडकवून गेलात की पुढे सरकता येईना, मागेही.

आज शुक्रवार, सुट्टी. उद्या सकाळपर्यंत पानं पाठवायची आहेत, म्हणजे स्टेला छापून घेईल. खरं तर एक मजकूर मी परवाच लिहून ठेवलाय. तुम्ही लॅबमध्ये सगळ्यांना सुकेळी वाटायचा, बाटल्या निर्जंतुक करायच्या त्या मोठ्या कुकरची, ऑटोक्लेव्हची, शिट्टी झाली की "गाडी आली" म्हणायचा, मुलींना बहिणीसारखं वागवायचा. सगळं खरं आहे, एक अक्षर खोटं नाही. पण त्यात सहा हजार केळी नाहीत. ती दोन पानं टेबलावर पालथी घालून हे दुसरं लिहायला बसलेय.

आपली पहिली भेट आठवते का हो? मला अजून लाज वाटते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधली आपली टिश्यू कल्चरची, बाटलीत रोपं वाढवायची लॅब, शेजारी बिस्किटांचा कारखाना, दुपारी चारला सगळीकडे व्हॅनिलाचा वास. मी पुण्याची एम.एस्सी., लॅब इन्चार्ज म्हणून नुकती रुजू झालेली. तुम्ही मीडिया रूमचे. बारावी झालेले, वसईच्या वाडीत केळींना पाणी सोडत मोठे झालेले, पन्नाशीला टेकलेले. बाटलीतल्या रोपांना जे खायला लागतं ते शिजवणारे, म्हणजे साखर, क्षार, घट्टपणासाठी अगरची जेली आणि मोजून थेंबभर संप्रेरक. मी एक बाटली उचलली आणि ऐटीत म्हटलं, "छान! मुळं आली. ही बाहेर काढायला हरकत नाही." तुम्ही बाटली हळूच माझ्या हातातून घेतलीत, भिंगाखाली ठेवलीत. "मॅडम, मुळं आली ते दिसतंय. चालू आहेत का ते बघा."

मुळं चालू असतात नि बंद असतात, हे मला कोणी असं सांगितलंच नव्हतं. तुम्ही दाखवलंत. मुळाचं टोक गुळगुळीत असतं. तिथून थोडं वर गेलं की बारीक पांढरे केस सुरू होतात, पाणी पिणारे. टोक आणि पहिला केस यांच्या मधलं अंतर, तीच मुळाची खरी फॅक्टरी. तिथल्या पेशी अजून कोणीच झालेल्या नसतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहतात. केस फुटला म्हणजे पेशी नोकरीला लागली, ती आता काही नवं करणार नाही. "अंतर लांब असेल तर मूळ चालू," तुम्ही म्हणालात. "केस टोकापाशी आले तर समजा खलास. दिसतं पांढरंशुभ्र, पण दुकान बंद."

मग बाटली जागेवर ठेवताना तिच्या चिठ्ठीकडे बघून कपाळाला हात लावलात. कोणीतरी तारीख घालायची विसरलं होतं. तारखेवाचून बाटली म्हणजे तुमच्या लेखी बिननावाचं पोर. खिशातलं पेन काढून आधी तारीख, मग चहा.

त्यानंतर आपण जे भांडायला लागलो ते अखेरपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत मी फळ्यावर बाण काढायची. हे मुळाचं टोक. त्याच्या आत, अगदी मधोमध, मोजक्या पेशी गप्प बसलेल्या, क्वचितच विभागणाऱ्या. त्यांना चिकटून मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, ज्यांच्यातून सगळं मूळ तयार होतं. वरच्या कोंबाकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली झिरपत येतं, टोकाशी साठतं आणि या पेशींना तरुण ठेवतं. सायटोकायनिन नावाचं दुसरं संप्रेरक उलट काम करतं. फॅक्टरीच्या वरच्या दाराशी उभं राहून ते सांगतं, पुरे झालं विभागणं, आता काहीतरी व्हा. दोघांची ओढाताण बरोबरीची असली की मूळ वाढत राहतं. सायटोकायनिन वरचढ झालं की फॅक्टरी वरून खाली आखडत येते.

तुम्ही डब्यातला बोंबील बाजूला सारून ऐकायचा. मग विचारायचा, "म्हणजे हुकूम कोणाचा?"

"संप्रेरकांचा. दुसऱ्या कोणाचा?"

"मग ते मधले गप्प बसलेले कोण? नुसते पेन्शनर?"

"ते फारसं काही करत नाहीत, काका."

"करत नाहीत कसे? त्यांना चिकटून आहेत त्याच पोरी तरुण आहेत, तूच आत्ता म्हणालीस. हुकूम देणारा कोणी नसतो, बाय. धरून ठेवणारा असतो."

चारचौघांत मी मॅडम, एरवी बाय. मी पुरावा मागायची, तुम्ही म्हणायचा वसईला ये, वाडीत दाखवतो. दुसरं भांडण याहून जोरात चालायचं. थांबलेलं मूळ पुन्हा चालू होतं का? मी म्हणायची, फॅक्टरीच संपली तर चालू कशावर होणार? तुम्ही म्हणायचा, ते मूळ नाही होत, पण केळीला वेळ दिला तर ती गड्ड्यातून दुसरं काढते. "वेळ द्यायला लागतो. पी हळद नि हो गोरी, असं मुळाचं नसतं."

आणि तुमचा तो उपास! एका केळीच्या कोंबापासून दहा करायचे तर त्याला सायटोकायनिन भरपूर द्यावं लागतं, ते आपल्याकडे बीएपी नावाच्या पांढऱ्या भुकटीतून यायचं. पण दहा झाल्यावर ते कोंब त्या औषधाने तुडुंब असतात. त्यांना तसंच मुळांच्या बाटलीत टाकलं तर मुळं येतात, नाही असं नाही, पण अंगात उरलेलं सायटोकायनिन आतून फॅक्टरी खाऊन टाकतं. म्हणून मधे चार आठवडे साध्या, बिनसंप्रेरकाच्या बाटलीत ठेवायचं. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे. तुम्ही उपास म्हणायचा. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तुम्ही मासे सोडायचा, तेव्हा बाटल्यांकडे बोट करून म्हणायचा, "आम्ही सगळे एकदम धरलाय." मी चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, वर दही, वर केळं आणायची. "हा उपास की मेजवानी?" म्हणून तुम्ही हसायचा. किती साधे दिवस होते ते.

मग दोन हजार आठची अखेर आली. रस्त्यापलीकडच्या क्रेन एकेक करून थांबल्या. लँडस्केपिंगच्या ऑर्डरी गेल्या, आपल्या चाळीस माणसांची अठरा झाली. मालकाला सगळे मुदीर म्हणत, तो रोज सकाळी एखाद्याला वर बोलवायचा आणि तो माणूस खाली येऊन गुपचूप लॉकर रिकामा करायचा. त्यातच प्रसादची नोकरी गेली. बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होता माझा नवरा, आणि बांधकामच उरलं नव्हतं. महिन्याभरात दुसरं काम मिळालं नाही तर त्याला देश सोडावा लागणार होता. इंटरनॅशनल सिटीतल्या त्या एका खोलीत आम्ही तिघं, मुलगी सई केजीत. माझा पगार हाच आधार. हे तुम्हाला ठाऊक होतं, मीच रडत रडत सांगितलं होतं.

एकच मोठी ऑर्डर शिल्लक होती, एका व्हिला प्रकल्पाची सहा हजार केळी. मुदीरने मला वर बोलावलं. "मॅडम, त्यांना चार आठवडे आधी हवीत. नाहीतर कॅन्सल. मग खलास, लॅब बंद." आता स्टेलाला, तुमच्या आळीतल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे, ती नीट ऐका. उपास गाळा असं मुदीर म्हणाला नाही. त्या बिचाऱ्याला उपास म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "एक पायरी कमी करता येईल."

खाली आले आणि तुम्हाला सांगितलं, की सोमवारपासून थेट मुळांचा मीडिया. तुम्ही हातातला चमचा खाली ठेवलात.

"मॅडम, उपास सोडू नका. मुळं येतील आणि थांबतील."

"काका, हा देवाचा उपास नाही, डिलिव्हरी आहे."

"केळीला डिलिव्हरी कळत नाही."

मी काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसले. उंटावरून शेळ्या हाकायची सवय मला तेव्हाच लागली. तीन आठवड्यांनी मुळं आली, पांढरी, टुणटुणीत. सगळ्या मुली टाळ्या वाजवत होत्या. तुम्ही एक बाटली घेऊन आलात, भिंगाखाली ठेवलीत आणि बाजूला झालात. मी बघितलं, काका. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मनातसुद्धा नीट उच्चारलेलं नाही. मी बघितलं. केस टोकापाशी आले होते. गुळगुळीत अंतर जवळजवळ नव्हतंच.

आणि मी मान वर करून, सगळ्यांच्या देखत म्हटलं, "बारावी पास माणसाने मला मुळं शिकवू नयेत."

तुम्ही रागावला नाहीत. बाटली उचललीत. थोड्या वेळाने येऊन एवढंच विचारलंत, "याच खेपेतले चाळीस कोंब मला द्याल? अजून मुळं न आलेले आहेत, त्यांना उपास देतो." मी म्हटलं, न्या आणि काय घालायचा तो गोंधळ घाला.

बाकीची शेडनेटखाली पिशव्यांत गेली. महिना झाला तरी नवं पान नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले, थंडी आहे, थंडीत केळ झोपते. मार्चअखेर ती ट्रकमध्ये चढली. वाळूत लागल्यावरही हिरवीच होती, नुसती उभी. मग ऊन तापलं आणि एका दुपारी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेले तर रांगाच्या रांगा आडव्या. तिथल्या माळ्याने दोन बोटांनी एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. मुळं तेवढीच होती. आपण लॅबमधून दिली होती तेवढीच, एक पेरभरही पुढे गेलेली नव्हती. वेळ मिळाला असता तर त्यांनी गड्ड्यातून नवी काढली असती, तुम्ही म्हणत होता तशी. त्या वाळूत वेळ कोण देणार होतं?

ग्राहकाने लेखी अहवाल मागितला. मुदीर म्हणाला, "मला एक कारण द्या आणि एक नाव. गुरुवारपर्यंत." तीन दिवस मी जेवले नाही. प्रसाद म्हणायचा, खरं सांगून टाक, आणि पुढच्याच वाक्याला म्हणायचा, पण सईची शाळा? गुरुवारी मी छापील फॉर्म भरला. कारण: मीडिया बनवताना संप्रेरकाचं प्रमाण चुकलं. जबाबदार: मीडिया रूम. खाली तुमचं नाव.

तुम्हाला वर बोलावलं तेव्हा मी समोरच्या खुर्चीत होते. तुम्ही चष्मा लावलात. कागद सावकाश वाचलात. मला वाटलं आता ओरडाल, आता भिंगाखाली काय दिसलं ते मुदीरला सांगाल. तुम्ही मान वर केलीत, मुदीरकडे नाही, माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "मॅडम, तारीख बरोबर आहे ना?"

मी हो म्हटलं. तुम्ही सही केलीत.

जिन्यात मी तुमच्यामागे धावले. काय बोलणार होते देव जाणे. तुम्ही एक पायरी खाली उभे होता. म्हणालात, "बाय, माझ्या घरी वाडी आहे. विहीर आहे. तुझ्याकडे काय आहे?" आणि लॉकर उघडायला गेलात. आठवड्याभरात तुमचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर सोडायलाही मी आले नाही.

प्रसादला अबू धाबीजवळ मुसफ्फात काम मिळालं, तो आठवड्याला घरी यायचा. आमचं निभावलं. त्या वर्षअखेरीस एकदा स्टाफ हाउसिंगमध्ये काहीतरी चौकशीला गेले, मागच्या बाजूला वळले आणि थबकलेच. जिथे एसीच्या नळ्यांचं पाणी ठिबकत असतं, त्या भिंतीला लागून केळीची रांग उभी. माझ्या डोक्याच्या वर गेलेली, तिघी-चौघींना केळ्यांचे लोंगर लागलेले. तुमची ती उपासाची चाळीस, जाण्याआधी लावून गेलेली. तोच मीडिया, तेच कोंब, तीच भुकटी, तुमच्याच हातचं माप. माप चुकलं असतं तर ही कशी जगली? फरक फक्त उपासाचा. माझा अहवाल खोटा आहे हे त्या भिंतीपाशी उभं राहून कोणालाही दिसलं असतं, फक्त काय बघायचं ते कळायला हवं होतं, आणि ते कळणारी तिथे मी एकटीच होते. मेसच्या स्वयंपाक्याने एक फणी कापून हातात दिली. "इनासभाई का है मॅडम, बहुत मीठा है."

फणी घेऊन मी मुदीरच्या दारापर्यंत गेले. खरंच गेले हो. आत तो फोनवर नव्या ऑर्डरबद्दल बोलत होता, हसत होता. मी परत फिरले. केळी घरी आणली. सईने दोन खाल्ली. "आई, इट्स सो स्वीट, यू वाँट?" मी नको म्हटलं. पुढच्या वर्षी हाउसिंग दुसरीकडे हलवलं आणि ती केळी कोणीतरी तोडली. मला बरं वाटलं. पुन्हा लिहिते, बरं वाटलं होतं, हेच खरं.

आणि तुम्ही फोन करत राहिलात! रविवारी, मिस्साहून आल्यावर. पहिला फोन मी घाबरून उचललाच नाही, चोराच्या मनात चांदणं. दुसरा उचलला, तर तुम्ही विचारलंत, "त्या मधल्या गप्प पेशींचं काही नवं कळलं का?" मग ते चालूच राहिलं. मी काही वाचलं की तुम्हाला सांगायची. गप्प पेशी शेजारच्यांना निरोप पाठवतात, अजून कोणी होऊ नका, थांबा, असं निघतंय म्हटल्यावर तुम्ही फोनवर टाळी वाजवलीत. मी म्हटलं, हुरळू नका, त्या गप्प पेशी कुठे बसायच्या तेही ऑक्सिनच ठरवतं. "मग बरोबरी झाली," तुम्ही म्हणालात. "मानायची नाहीसच तू."

दोनदा मी विषय काढला. "काका, त्या केळींचं..." म्हटलं की तुम्ही लगेच, "सई कितवीला गेली?" मला वाटायचं तुम्ही माफ केलंय, आता शिळ्या कढीला ऊत कशाला. वसईला ये म्हणून तुम्ही दर वेळी बोलावलंत. दरवर्षी मी मुंबईला उतरायची आणि तडक पुण्याची गाडी धरायची. वसई काही चंद्रावर नव्हती. तुमच्या घरच्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, एवढंच.

आणि मला वाटत होतं की तुमचं छान चाललंय. वाडी, विहीर. परवा स्टेलाने बाकीचं सांगितलं. तुम्हाला परत आल्यावर छोटी लॅब काढायची होती, दोन खोल्यांची, वाड्यांना चांगली केळी पुरवायला. जागा बघितली होती, सामान आणलं होतं. पण तुमच्याच पलीकडच्या आळीतला एक जण आपल्या हाउसिंगमध्ये राहायचा, त्याच्यामार्फत बातमी तुमच्या आधी पोचली होती. जिथे प्रत्येक घराला केळीची वाडी, तिथे सहा हजार केळी मारून आलेल्या माणसाकडून रोप कोण घेणार? कोणी घेतलं नाही. वर नाव पडलं, सहाहजारी. सहाहजारी इनास. लग्नात, चर्चच्या पायरीवर, मासळीबाजारात. तुम्ही हसायचा म्हणे. सामान पाच वर्षं ताडपत्रीखाली पडून होतं, मग विकलंत.

"ताई, एक विचारू?" स्टेला म्हणाली. "पप्पा स्वयंपाकात मीठसुद्धा तोलून घालायचे. त्यांचं माप खरंच चुकलं असेल का हो?"

मी म्हटलं, लिहून पाठवते.

काका, जिन्यातल्या त्या वाक्यावर मी इतकी वर्षं जगले. तुमच्याकडे वाडी आहे, विहीर आहे, तुमचं काही बिघडलं नाही, असं स्वतःला सांगत. तुम्ही मला हे कळू का दिलं नाहीत? त्या रविवारच्या फोनमध्ये एकदा तरी शिवी घालायचीत. सहाहजारी म्हणतात गं मला, एवढं एक वाक्य. मी आले असते. आले असते का? माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसावं, म्हणून विचारलं नसेल.

तुम्ही त्या मधल्या गप्प पेशींसारखे होतात, असं लिहिलं तर रविवारी सगळे माना डोलावतील. मी ते लिहिणार नाही. पेशी गप्प बसली म्हणून तिचं गावात नाव खराब होत नाही.

सकाळी प्रसादला सांगितलं. त्याने चहाचा कप बाजूला ठेवला. "आता कोणाला काय मिळणार त्यातून? तू आज एका लॅबची हेड आहेस. दहा जण पानाचा फोटो मोबाइलवर काढतील, इथपर्यंत यायला किती वेळ लागतो? तुझ्या सहीवर उद्या कोण विश्वास ठेवेल?" त्याचं खोटं नाही. नोकरी जाऊ शकते. तेव्हा ज्या भीतीने तुमचं नाव लिहिलं तीच भीती आज परत येऊन माझ्या शेजारी बसलीये.

सई आता अकरा वर्षांची आहे. मोबाइलमधून डोकं वर न काढता तिने विचारलं, "डिड ही डू इट?"

"नाही."

"देन से सो, आई."

माझ्या लॅबमध्ये आजही नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी भिंगापाशी उभं करते. टोक दाखवते, पहिला केस दाखवते, मधलं अंतर दाखवते. एकही बाटली उपासाशिवाय पुढे जात नाही, कितीही घाई असो. कोणी विचारलं, मॅडम हे कुठे शिकलात, तर मी पुणे म्हणते. आजपासून तेही बंद.

स्टेला, हे पान गाळू नकोस. रडू आलं तर दुसऱ्या कोणाकडे दे, पण मोठ्याने वाचायला लाव, मागच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल असं. तो पलीकडच्या आळीतला गृहस्थ आला असेल तर त्याला पुढे बसव.

सहा हजार केळींचा अहवाल, दुरुस्त.

कारण: कोंबांना चार आठवड्यांचा उपास दिला नाही. मुळं टोकाशी थांबली आहेत हे भिंगाखाली दिसत असूनही रोपं पाठवली. मीडियाचं माप बरोबर होतं. इनासकाकांचं माप आमच्या लॅबमध्ये एकदाही चुकलं नाही.

जबाबदार: अनघा, लॅब इन्चार्ज.

खाली सही केली आहे. तारीखही घातली आहे, काका. बरोबर आहे.